औषधावर बंदी नव्हती

२०१७ च्या जूनमधली गोष्ट. सकाळी सहा-साडेसहाला मी ओट्याशी उभी राहून पोराच्या गोळ्या ग्लासातल्या पाण्यात विरघळवत होते, आणि वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी इराणी पोरगी किल्ली द्यायला खाली आली. तिने ग्लासकडे बघितलं, माझ्या हातातल्या प्लास्टिकच्या चमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काकू, थॅलेसेमिया कोणाला आहे?" मी हादरलेच. माझ्या सख्ख्या नणंदेला नऊ वर्षांत त्या ग्लासात काय असतं ते सांगता येत नाही, आणि ही मुलगी दारातून बघून ओळखते. मग कळलं, तिच्या मोठ्या बहिणीची मुलगी, तेव्हा सात वर्षांची, तिलाही मेजरच आहे. त्या दिवशी आम्ही दोघी ओट्यापाशी तासभर बोलत बसलो, पोराची शाळेची बस चुकली.

नावं कोणाचीच लिहीत नाही. ती पोरगी पुणे विद्यापीठात पीएचडी करत होती, मी तिला पोरगीच म्हणायचे, तीही मला शेवटपर्यंत काकूच म्हणाली.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. थॅलेसेमिया मेजरच्या मुलाचं शरीर धड रक्त बनवत नाही, म्हणून दर दोन-तीन-चार आठवड्यांनी बाहेरून रक्त चढवावं लागतं, जन्मभर. प्रत्येक पिशवीबरोबर साधारण २०० ते २५० मिलीग्रॅम लोह अंगात जातं आणि माणसाच्या शरीराला जादा लोह बाहेर टाकायचा रस्ताच नाही, ते साचत जातं, यकृतात, हृदयात, वाढीच्या ग्रंथींमध्ये. ते काढायला रोज औषध लागतं. लोकांना सांगितलं की "अच्छा, आयर्नची गोळी" म्हणतात, अहो उलटी, आयर्न काढायची गोळी. रक्त मिळालं नाही तर मूल आठवड्याभरात पांढरं पडतं, सगळ्यांना दिसतं, धावपळ होते. ही गोळी मिळाली नाही तर काहीच दिसत नाही. मूल खेळतं, जेवतं, शाळेत जातं. दिसतं ते दोन-चार वर्षांनी, उंची थांबलेली असते किंवा हृदय दमलेलं असतं, आणि तोवर कोणाला आठवत नाही की कुठल्या वर्षी किती रात्री औषध चुकलं होतं. हे मी आई म्हणून सांगतेय, एक रात्र चुकली तरी मला झोप लागत नाही ती यामुळे.

तिच्या बहिणीचं गाव बाबोलजवळ, माझंदरान प्रांतात, कॅस्पियन समुद्राच्या काठाला. फोटो बघितले तर आपलं कोकणच वाटावं, भातखाचरं, पाऊस, मागे डोंगर. त्या पट्ट्यात हा आजार जास्त असण्याचं कारणही तेच आहे, पूर्वी मलेरिया फार असायचा आणि ज्यांच्या रक्तात थॅलेसेमियाचा एक जीन होता ते मलेरियात जास्त टिकायचे, म्हणून तो जीन पिढ्यान्‌पिढ्या राहिला. इराणमध्ये वीस हजारांच्या आसपास असे पेशंट आहेत. आणि मला खरंच हेवा वाटला ते याचा की त्यांनी १९९७ पासून लग्नाआधी ही रक्ततपासणी सक्तीची केलीये. आमच्या दोघांच्या पत्रिका बघितल्या, छत्तीस गुण मोजले, हा जीन आहे का ते दाखवणारी एक एचबीए-टूची रक्ताची टेस्ट कोणी सांगितली नाही. तिच्या बहिणीला आणि मेव्हण्याला लग्नाआधी माहीत होतं की दोघंही मायनर आहेत, म्हणजे एकेक जीन असलेले, तरी लग्न केलं, गरोदरपणातली तपासणी वेळेत झाली नाही. तो त्यांच्या घरातला वेगळा सल आहे, त्यात मी जात नाही. रक्ताचंही तिथे सगळं ऐच्छिक रक्तदानातून येतं, बदली डोनर आणा असं कोणी म्हणत नाही. म्हणजे २०१७ मध्ये त्या मुलीचं आमच्यापेक्षा बरंच चाललं होतं असं म्हणायला हरकत नाही. डेस्फेराल म्हणजे लोह काढायचंच इंजेक्शनचं औषध, त्याचा पंप होता, आठवड्यातून पाच रात्री पोटाच्या कातडीखाली बारीक सुई लावून आठ-दहा तास औषध हळूहळू जायचं, विम्यातून मिळायचं, फेरिटिन १६०० च्या आसपास. फेरिटिन म्हणजे साचलेल्या लोहाचा अंदाज देणारी टेस्ट, हजाराच्या खाली असावं असं डॉक्टर म्हणतात, पण सोळाशेला आम्ही आई-बाप लोक घाबरत नाही.

८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन. २०१८ च्या ८ मेला आम्ही पालकांनी मिळून रक्तदान शिबिर ठेवलं होतं, ही पोरगीसुद्धा रक्त द्यायला आली, सरबताच्या टेबलावर दिवसभर उभी राहिली. रात्री साडेअकराच्या पुढे ती जिन्यात बसलेली दिसली, फोनवर अमेरिकेच्या अध्यक्षांचं भाषण चालू होतं, ट्रम्प इराणबरोबरच्या अणुकरारातून बाहेर पडले आणि निर्बंध परत लागणार. मी तिला म्हणाले, अगं ते तेलाचं असतं, शस्त्रांचं असतं, औषधाला कोण अडवतंय. ती म्हणाली, काकू, २०१२ ला पण असंच म्हणाले होते. त्या वर्षी रियाल पडला तेव्हा पुण्यातले कितीतरी इराणी विद्यार्थी शिक्षण सोडून परत गेले होते म्हणे. मला तेव्हा तिचं बोलणं जरा जास्तीचं वाटलं होतं. आज वाटतं मी त्या रात्री गप्प बसायला हवं होतं.

पुढचे चार महिने मी त्या घराची पडझड व्हॉट्सअ‍ॅपवर बघितली. तिथले लोक पैसे तोमानमध्ये मोजतात, एक तोमान म्हणजे दहा रियाल. वर्षाच्या सुरुवातीला डॉलर साधारण चार हजार तीनशे तोमानला होता, सप्टेंबर संपेपर्यंत बाजारात पंधरा हजारांच्या वर गेला. मेव्हण्याचा पगार तोच. आधी पंपाच्या सुया मिळेनात, मग एकच सुई दोन रात्री वापरायला लागले, मग डेस्फेराल कधी निम्मं मिळायचं कधी "पुढच्या हप्त्यात या". दुसऱ्या कुठल्या कंपनीचं मिळालं तर पोटावर गाठी यायच्या, मुलगी सुई लावू द्यायची नाही, आई रडायची. पाच रात्रींच्या तीन झाल्या, मग दोन. पोरीची आजी, जिने १९८० ते ८८ चं इराकबरोबरचं युद्ध बघितलंय, ती म्हणायची की युद्धात निदान कूपन असायचं, रांगेत उभं राहिलं की आपला वाटा मिळणार हे माहीत असायचं.

३ ऑक्टोबर २०१८ ला बातमी आली की हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेला सांगितलंय, औषधं, वैद्यकीय साधनं, अन्नधान्य यांच्या आड येणारे अडथळे काढा. मी पेपर घेऊन धावत वर गेले, म्हटलं बघ, झालं तुझं काम. तिने चहा केला, आम्ही खूश होतो त्या दिवशी. आणि १६ ऑक्टोबरला अमेरिकेने पारसियान नावाच्या इराणी बँकेवर निर्बंध टाकले, आणि औषध-अन्नाचे व्यवहार ज्या थोड्या बँकांमधून व्हायचे त्यातलीच ती एक. नोव्हेंबरमध्ये बऱ्याच इराणी बँका स्विफ्टमधून बाहेर, म्हणजे देशोदेशीच्या बँका पैशांचे निरोप ज्यातून पाठवतात त्या व्यवस्थेतून.

हे सगळं मला तेव्हा कळत नव्हतं, मी बीकॉम आहे पण लग्नानंतर नोकरी केली नाही, हे वाचून वाचून शिकले. कागदावर अमेरिकेच्या कायद्यात औषधाला सूट आहे, ती कायमच होती. पण औषध विकणाऱ्याला पैसे पोचायला बँक लागते, आणि बँकेला दिसतो तो दंड. २०१४ मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला इराण, सुदान, क्यूबा यांच्या व्यवहारांवरून जवळपास नऊ अब्ज डॉलर भरावे लागले होते. मग एखाद्या मुलीच्या डेस्फेरालच्या बिलासाठी कुठला मॅनेजर सही करेल? बोट, विमा, बँक, एकेक जण मागे सरकतो आणि प्रत्येक जण म्हणतो आम्ही औषध अडवलेलं नाही. इराणमध्ये औषधं बनत नाहीत असंही नाही बरं का, नगावर बघितलं तर नव्वद टक्क्यांच्या वर औषधं तिथेच बनतात, पण कच्चा माल बाहेरचा, त्यातला बराच आपल्याकडून आणि चीनमधून जाणारा, त्याचेही पैसे अडकले की कारखाना चालू असून गोळी नाही.

मी म्हटलं आपण पाठवू, त्यात काय आहे, पंपाऐवजी पोराचीच गोळी, डेफेरासिरॉक्स, पुण्यात सात-आठ दुकानांत मिळते.

पहिला प्रयत्न कुरिअर. डिसेंबर महिना होता, मी गोळ्यांचे डबे, चिठ्ठीची झेरॉक्स, सगळं नीट पॅक करून गेले. काउंटरवरच्या मुलाने देश टाईप केला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली, यादीत नावच नाही मॅडम. दुसरीकडे म्हणाले फक्त कागदपत्रं जातील, तिसरीकडे म्हणाले पाठवतो पण पोचायची हमी नाही आणि परत आलं तर त्याचेही पैसे तुम्हीच द्यायचे. एक वयस्कर गृहस्थ होते तिथे, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ताई, दुबईत कोणी असेल तर तिथपर्यंत पाठवा. आमचं दुबईत कोणी नव्हतं.

दुसरा प्रयत्न रीतसर निर्यातीचा. नवऱ्याच्या ओळखीतून मुंबईतल्या एका औषध निर्यातदाराला भेटलो, भला माणूस, त्याने दोन तास बसवून समजावलं. इराणबरोबरचा धंदा रुपयात चालायचा, आपण तेल घ्यायचो त्याचे पैसे कोलकात्याच्या युको बँकेत रुपयात जमा व्हायचे आणि त्यातून ते आपल्याकडून तांदूळ, चहा, औषधं घ्यायचे. म्हणजे माल जायचा रस्ता होता. पण त्यासाठी तिथल्या आयातदाराचं लायसन, तिथल्या औषध खात्याकडे त्या ब्रँडची नोंदणी, परवानगीचा कागद, आणि ऑर्डर किमान काही लाखांची. आमची ऑर्डर एका मुलीची. (पुढे मे २०१९ पासून भारताने इराणचं तेल घेणंच बंद केलं, तेव्हा त्या माणसाचा फोन आला होता, म्हणाला आता ते खातंही आटत जाणार.) मी त्याला विचारलं, मग लोक करतात काय? तो म्हणाला, बॅगेतून नेतात.

तर तिसरा प्रयत्न बॅगेचा, आणि तिथे आडवं आलं प्रिस्क्रिप्शन. ही काही क्रोसिन नाही, शेड्यूल एचचं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारं औषध, किडनी-लिव्हर बघून, वजनाप्रमाणे डोस. आमच्या डॉक्टरबाईंकडे गेले, त्यांनी पोराला तो आठ महिन्यांचा असल्यापासून बघितलंय, पण त्या म्हणाल्या, न बघितलेल्या मुलीच्या नावाने मी चिठ्ठी लिहिणार नाही. मला तेव्हा राग आला होता. तेव्हा टेलिमेडिसिनचे नियमही नव्हते, ते मार्च २०२० मध्ये आले. आणि त्यांचंच बरोबर होतं हे पुढे कळलं, सांगते ते. त्या म्हणाल्या, मुलीला इथे आणा, मी नीट तपासते, गोळी सुरू करते, सहा महिन्यांची चिठ्ठी देते.

आणा म्हणणं सोपं आहे. व्हिसाची कागदपत्रं, इथल्या हॉस्पिटलचं पत्र, तिथल्या डॉक्टरचं इंग्रजीतलं पत्र, तिकीट डॉलरच्या भावाने. फेब्रुवारी २०१९ मध्ये दोघी मायलेकी आल्या. मी फॉर्म सी भरला, घरात परदेशी माणूस राहणार असेल तर घरमालकाला तो भरावाच लागतो, आणि मेडिकल व्हिसावर आल्या म्हणून पोलिसांकडे परदेशी नागरिक नोंदणीलाही नेऊन आणलं. तिथला हवालदार मुलीच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन म्हणाला, किती वर्षांची, सहा? नऊ वर्षांची होती ती.

माझा मुलगा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, दोघांना शेजारी उभं केलं तर ती त्याच्या छातीपर्यंत यायची. त्याचाही आजार तोच, रक्त तसंच चढवलेलं. वजन २४ किलो. वजनावरून आठवलं, आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती आणि तरी निम्मं समजायचं, वजन म्हटलं की तिच्या आईला कळायचं, हप्ता म्हटलं की कळायचं, तारीख, जखम, कमजोर, सगळे त्यांचेच शब्द आपल्यात राहिलेले. एकदा केमिस्टच्या दुकानासमोर ती दारू दारू म्हणायला लागली, दुकानदार बघतच राहिला. वरच्या पोरीने सांगितलं, आमच्याकडे औषधाला दारू म्हणतात, औषधाच्या दुकानाला दारूखाने. तेव्हा मला लक्षात आलं आपण दवादारू म्हणतो त्यातली दारू कुठली ते. माझी आजी म्हणायची, "पोराच्या दवादारूला पैसा कमी पडू देऊ नये." कित्येक वर्षांनी त्या शब्दाचा अर्थ मला बाबोलच्या बाईने सांगितला.

फेरिटिन आलं ४३५०. सोळाशेवरून दीडेक वर्षात. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट उलटा ठेवला आणि पाणी मागितलं. ईको, सोनोग्राफी, किडनीच्या टेस्ट, डोळे, कान, सगळं केलं. रक्ताची पिशवीही इथेच चढवली, वॉर्डात माझा मुलगा एका कॉटवर आणि ती शेजारच्या कॉटवर, दोघं मोबाईलवर एकच गेम खेळत होते. तिने गोळ्यांचा ग्लास पहिल्या दिवशी तोंडाला लावला आणि थुंकला, खडूसारखी चव असते त्याची. पोराने तिला दाखवलं की संत्र्याच्या रसात घालायचं, नाक धरून एका दमात, आणि ग्लासच्या तळाला राहिलेलं परत थोडं पाणी घालून प्यायचं. तो स्वतः रोज कुरकुर करत घेतो, पण त्या तीन आठवड्यांत एक दिवस कुरकुरला नाही.

पैशाचं सांगायला हवं. इराणी बँकेचं कार्ड इराणबाहेर चालतच नाही, व्हिसा मास्टरकार्ड तिथे नाहीत. तिच्या आईने हातातल्या सोन्याच्या बांगड्या मोडून रोख डॉलर आणले होते. बाकीचे वरच्या पोरीच्या इथल्या खात्यात होते, तिच्या शिष्यवृत्तीचे आणि शिकवण्यांचे साठवलेले, आणि नेमकं त्याच आठवड्यात बँकेने खातं गोठवलं. कारण काय तर पासपोर्टचा देश, परत केवायसी करा, वरून मंजुरी येईल. अकरा दिवस रोज जात होती ती. त्या अकरा दिवसांत हॉस्पिटलचं आणि केमिस्टचं बिल आमच्या थॅलेसेमियाच्या पालकांच्या ग्रुपने भरलं, त्यात एक रिक्षावाले आहेत, एक पिंपरीचे सिंधी काका आहेत ज्यांची स्वतःची मुलगी बावीसाव्या वर्षी हृदयाने गेली. कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. खातं उघडल्यावर तिने सगळ्यांचे पैसे परत केले, काकांनी घेतले नाहीत.

नवरोजच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या आत, २१ मार्चच्या आत, त्यांना घरी पोचायचं होतं. सहा महिन्यांच्या गोळ्या, ५०० ची एक आणि २५० ची एक रोज, म्हणजे १८० आणि १८०. स्ट्रिपमधून काढायच्या नाहीत, डबे फोडायचे नाहीत, वर चिठ्ठी, बिल, डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत आणि त्याचं फारसी भाषांतर. निम्म्या आईच्या बॅगेत, निम्म्या मुलीच्या दप्तरात, एक बॅग हरवली तर तीन महिने तरी निघतील म्हणून. मुंबई विमानतळावर कस्टमच्या बाईंनी कागद वाचले, मुलीकडे बघितलं आणि जाऊ दिलं. मी काचेच्या बाहेर उभी होते, पाय थरथरत होते माझे.

नंतर ती साखळीच झाली. पुण्याहून, मुंबईहून कोणी विद्यार्थी सुट्टीला निघाला की त्याच्याकडे तीन महिन्यांचा डबा. ऑगस्टमध्ये कोणी मिळालं नाही तेव्हा मुलीच्या चुलत्याने इस्तंबूलहून गोळ्या आणल्या, तेच औषध, डेफेरासिरॉक्स, आम्हाला सगळ्यांना आनंद झाला. तीन हप्त्यांनी आईचा मेसेज, मुलीला उलट्या होतात, पोट दुखतं. मी म्हटलं डब्याचा फोटो टाक. फोटोत गोळी होती ३६० ची. आधी रोज साडेसातशे चालू होतं, म्हणून बापाने हिशोब केला, ३६० दुणे ७२०, जवळपास तेवढंच. पण ती कोटेड गोळी होती, गिळायची, आणि ती अंगात जास्त शोषली जाते, पाण्यात विरघळवायच्या गोळीच्या ५०० ला कोटेडची ३६० लागते. म्हणजे मुलीला सव्वापटीहून जास्त डोस चालला होता. मी रात्री अकराला डॉक्टरबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या आत्ता थांबवा, उद्या क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची टेस्ट, करायला सांगा. वाढलेलं निघालं. चार हप्ते औषध बंद, मग उतरलं. त्या चार हप्त्यांत लोह परत साचलं ते वेगळंच.

त्या रात्रीनंतर मला स्वतःचाच धाक वाटायला लागला. आपण कोण आहोत हे करणारे? नेहमीच्या दुकानातून नेहमीचा डबा मिळत असता तर ही चूक झाली नसती. जे हाताला लागेल ते, ज्या देशातलं मिळेल ते, ज्या रूपात मिळेल ते, असं करत मुलांना औषध द्यायची वेळ आली की सगळी जबाबदारी शेवटी स्वयंपाकघरातल्या आईवर येते, आणि तिच्याकडे असतो फक्त फोटो काढायचा मोबाईल.

२०२० च्या जानेवारीअखेर वाचलं की स्वित्झर्लंडने अमेरिकेशी बोलून औषधांसाठी पैशाचा वेगळा मार्ग उघडला, कॅन्सर आणि ट्रान्सप्लांटच्या औषधांचा पहिला व्यवहार झाला. मार्चअखेर इन्स्टेक्स नावाच्या, युरोपने इराणशी व्यवहारांसाठी काढलेल्या मार्गातूनही वैद्यकीय मालाचा एक व्यवहार झाला. मी आता हेगच्या बातमीसारखी धावत वर गेले नाही. आणि तसंही तोवर फेब्रुवारीच्या शेवटी कोरोनामुळे इराणची विमानं बंद झाली होती, बॅगेचा रस्ताही संपला.

मग आमच्यावरच आली. एप्रिल २०२०, पुण्यात शिबिरं बंद, कॉलेजं बंद, सोसायट्यांची दारं बंद, रक्तपेढ्यांचे फ्रीज रिकामे. पोराचं हिमोग्लोबिन ६.४ वर आलं, जिना चढताना मध्ये बसायचा. पासावर स्कूटर घेऊन नवरा तीन पेढ्या फिरला. त्या पाच दिवसांत बाबोलहून रोज सकाळी मेसेज यायचा, गुगलने भाषांतर केलेलं तुटकं इंग्रजी, "ब्लड कम?" सहाव्या दिवशी मी पिशवीचा फोटो पाठवला, तिकडून तिने मुलीचा टाळ्या वाजवतानाचा व्हिडिओ पाठवला.

त्यानंतर तिकडे इराणमध्येच बनलेली गोळी थोडीथोडी मिळायला लागली, महिनाभर मिळायची, दोन महिने नाही. वरची पोरगी २०२१ ला पीएचडी संपवून परत गेली, खोली आम्ही पुढे वर्षभर कोणाला दिली नाही. २०२२ मध्ये मुलीच्या हृदयाचा एमआरआय झाला, लोहाची सुरुवात दिसली, सुरुवातच आहे, उतरू शकतं असं तिथले डॉक्टर म्हणाले. उंची मात्र जिथे अडकली तिथून फारशी हलली नाही. बारा-तेराव्या वर्षी मुली झपाट्याने वाढतात तो काळ तसाच निघून गेला.

१३ जून २०२५ च्या पहाटे इस्रायलचे हल्ले सुरू झाले. पोरगी तेहरानला नोकरीला होती, पहिल्याच दिवशी बहिणीकडे निघाली, तेहरानहून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा. चार-पाच दिवस मेसेज आले, मग इंटरनेटच बंद. मी रोज सकाळी ग्लासात चमचा फिरवताना मोबाईल शेजारी ठेवायचे. मुलगा आता सतरा वर्षांचा आहे, तो स्वतःची गोळी स्वतः घेतो, पण त्या दिवसांत मीच करून देत होते, हाताला काम हवं होतं. २४ जूनला युद्धविराम झाला, त्यानंतर दोन दिवसांनी मेसेज आला. सगळे ठीक आहेत. रक्त मिळालं, दोन दिवस उशिरा. गोळ्या अठरा दिवसांच्या आहेत.

सप्टेंबरअखेर संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंधही परत लागले, त्यातही औषधाला सूट आहेच.

हे लिहितेय २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये. मुलगी पंधरा वर्षांची, वजन ३६ किलो, शेवटचं फेरिटिन २१००. पुढच्या आठवड्यात कोंढव्यात राहणारा एक विद्यार्थी घरी चाललाय, ५०० च्या रोज दोन, तीन महिन्यांच्या १८०. डबे आमच्या फडताळात वरच्या कप्प्यात आहेत, पाण्यात विरघळवायच्याच आहेत, मी तीनदा वाचून बघितलंय, पोराकडूनही वाचून घेतलंय.